एआय सगळंच सांगून रायला, मंग आपण डोकं चालवाचं कधी?

धुऱ्यावरचा | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मंडळी नमस्कार, धागा थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

माझं दारव्हा-आर्णी पट्ट्यात छोटंसं कृषी केंद्र आहे, वडिलांपासूनचं. आधी गिऱ्हाईक यायचं तं हातात पऱ्हाटीची (कपाशीची) फांदी नाहीतर पान असायचं, कोणी तं रुमालात अळी बांधून आणे. काउंटरवर ठेवलं की दोन-चार जण वाकून पाहायचे, एक म्हणे तुडतुडा आहे, दुसरा म्हणे नाई गा पाणी साचलं असंन, तिसरा म्हणे गेल्या साली माह्या वावरात अस्संच झालं होतं अन मी काहीच नाही मारलं तरी निघून गेलं, आणि या सगळ्या कटकटीतून काहीतरी बरोबर निघे. आता पोट्टे मोबाईल घेऊन येतात. फोटो काढला, एआयला विचारलं, त्यानं औषधाचं नाव सांगितलं, ते नाव माझ्यासमोर धरतात अन म्हणतात हे द्या. पान कुठाय? नाही आणलं. धुऱ्याकडून (बांधाकडून) सुरू झालं का मधातून? पाहिलं नाही.

परवा एक जण लाल्याचा, म्हणजे कपाशीची पानं लाल पडतात त्याचा, फोटो घेऊन आला. एआयनं त्याला बुरशी सांगितली होती, सोबत बुरशीनाशकाचं नाव. मी म्हटलं बाबू एक पान घेऊन ये. संध्याकाळी आणलं. पान उलटं केलं तं मागच्या बाजूला शिरांजवळ हिरवट बारीक तुडतुडे, बोट नेलं की तिरपे तिरपे पळतात. फोटो वरून काढलेला, खालचं त्या मशीनले कसं दिसणार? अन लाल्या काही एकाच कारणानं येत नाही, तुडतुड्यानं येते, नत्र नाहीतर मॅग्नेशियम कमी पडलं तरी येते, बोंडं भरायच्या वेळी रात्रीची थंडी पडली तरी येते, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

मी एआयच्या विरोधात नाही बरं का. जीएसटीचं काही अडलं तं मीच त्याला विचारतो. सरकारचं शेतीसल्ल्याचं महाविस्तार ॲप २०२५ मध्ये आलं, मराठीत प्रश्न विचारता येतो, चांगली सोय आहे. तिकडे नागपूर जिल्ह्यातलं सातनवरी तं स्मार्ट इंटेलिजंट गाव म्हणून जाहीर झालं. होऊ द्या. माझा सवाल वेगळाच आहे. तो पोट्टा हुशार आहे, बीएस्सी झालेला. पण पान उलटं करून पाहाचं त्याच्या डोक्यातच आलं नाही कारण उत्तर आधीच खिशात होतं. आता हे डोकं चालतं ठेवाचं कसं, आपलंही अन पोराबाळांचंही? कोणी काही करून पाहिलं असेल तं सांगा. भाषण नको.

पऱ्हाटी_पुराण | २२ नोव्हेंबर, रात्री १०:३५

भाऊ राग नोका मानू, पन कृषी केंद्रवाल्यानं हे बोलनं म्हंजे मजाच हाये.

आमचं डोकं चालू होतं कवा? माहा बाप पान घेऊन जाये अन घरी येतानी तीन डबे घेऊन येये, एक किडीचं, एक बुरशीचं, अन एक टॉनिक. टॉनिक कायले म्हून इचारलं तं म्हने दुकानदारानं देलं. झालं. इचार दुकानदार करे, पैशे बाप देये. आता इचार मोबाईल करते अन तो फुकट करते, म्हून तुमच्या पोटात दुखून रायलं का?

अन २०१७ इसरले काय? यवतमाळ जिल्ह्यात फवारनीत २० च्या वर मानसं गेली, शेकडो दवाखान्यात. तवा कुठी होता एआय? दोन-दोन तीन-तीन औषधं एका पंपात मिसळाले कोन सांगत होतं लोकाइले?

धुऱ्यावरचा | २२ नोव्हेंबर, रात्री १०:५२

घ्या, पहिल्याच चेंडूवर 😀

भाऊ, मार्जिन पाहून डबा देणारे आहेत धंद्यात, नाकारत नाही. पण तुमचाच मुद्दा पुढे नेतो. बापानं "कायले?" विचारलं नाही म्हणून टॉनिक गळ्यात पडलं. मोबाईलले तरी कोण विचारून रायलं "कायले?"

कॉमन_सेन्स | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

कॅल्क्युलेटर आलं तेव्हाही हेच रडगाणं होतं. पाढे विसरतील, पोरं वाया जातील. गेली का वाया? टीव्ही आला तेव्हा तेच, मोबाईल आला तेव्हा तेच. चालू द्या.

खडू_फळा | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

@कॉमन_सेन्स, कॅल्क्युलेटरला तुम्ही सांगता की भागाकार कर. भागाकार करायचा की गुणाकार हे तुम्हालाच ठरवावं लागतं. आता पोरं गणिताचा फोटोच टाकतात, त्यामुळे काय करायचं हे ठरवणंही गेलं. फरक मोठा आहे.

बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता परिपाठाची वेळ झाली.

सेलूकर | २३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मूळचा सेलूचा, वर्धा जिल्हा, सध्या पुण्यात आयटीत. चांगला धागा.

आमच्या क्षेत्रात हा प्रश्न जुना आहे, एआयच्या कितीतरी आधीचा. लिझॅन बेनब्रिज म्हणून एक संशोधक होत्या, त्यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं की यंत्राला सोपी कामं दिली की माणसाकडे फक्त अवघड कामं उरतात, आणि तीही यंत्र हात वर करेल त्या क्षणी करायची, म्हणजे सराव सगळा गेलेला असताना. याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे एअर फ्रान्सचं ४४७ विमान. १ जून २००९, रिओहून पॅरिसला जात होतं. बाहेरचा वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ जमला, आकडे चुकीचे यायला लागले म्हणून ऑटोपायलटनं स्वतःला बंद करून घेतलं आणि विमान माणसांच्या हातात दिलं. त्यांनी नाक वर उचलून धरलं, विमानाचा वेग गेला, आधार सुटला, आणि सरळ समुद्रात. २२८ माणसं. विमान मोडलेलं नव्हतं हो. नळ्यांतला बर्फ तर मिनिटाभरातच गेला होता. पण त्या उंचीवर हातानं विमान उडवायची सवयच राहिली नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्यानं कंपन्यांना सांगितलं की पायलटांना अधूनमधून हातानं उडवू द्या.

आमच्या टीममध्ये नवीन पोरं एआयकडून कोड लिहून घेतात, चालतो पण. पण रात्री दोन वाजता तो बंद पडला की त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही, कारण आत काय आहे हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. धुऱ्यावरचा भाऊ, तुमचा पान उलटं न करणारा पोरगा आमच्याकडेही आहे, फक्त त्याला पगार जास्त आहे.

पऱ्हाटी_पुराण | २३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

इमान लय दूर गेलं भाऊ. पन समजलं.

खडू_फळा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सकाळी अर्धवट सोडलं होतं. मी मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातवीचा वर्ग.

यंदा पोळ्यावर निबंध दिला होता घरून. वह्या तपासायला घेतल्या तर अर्ध्या वर्गाची सुरुवात तीच, "पोळा हा बैलांप्रती कृतज्ञता व्यक्त करणारा सण आहे". शुद्धलेखन एकदम चोख, मला तर तिथेच शंका आली 😄 पण खरी गंमत पुढे. त्या निबंधांमध्ये पुरणपोळी होती, झूल होती, शिंगांना रंग होता, पण खांदशेकणी कोणाच्याच वहीत नाही. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून पळसाच्या पानानं शेकतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात, तोरणाखाली झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणतात, यातलं एक अक्षर नाही. आणि ही सगळी पोरं झडत्या ऐकूनच मोठी झालेली.

मग मी वह्या बाजूला ठेवल्या आणि वर्गातच विचारलं, तुमच्या घरी खांद कोणी शेकली? पहिले सगळे गप्प. मग एक मुलगी म्हणाली आजीनं. मग जो काही गोंधळ सुरू झाला की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. एक पोरगा शेवटपर्यंत काही बोलला नाही, त्याला म्हटलं लिही काय ते. त्यानं लिहिलं, "आमच्याकडे बैल नाहीत. बाबांनी ट्रॅक्टर धुतला आणि त्याला माळ घातली. आजी म्हणाली याले कोणता खांदा." मी इतकी वर्षं पोळ्याचे निबंध तपासते, हे वाक्य मला कोणी लिहून दिलं नव्हतं.

आता अभ्यासाचं. तुर्कस्तानात हजारेक शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला होता. एका गटाला साधा एआय दिला, थेट उत्तर देणारा. दुसऱ्या गटाला असा एआय दिला की तो उत्तर देत नाही, फक्त पुढची पायरी सुचवतो. तिसऱ्याला काहीच नाही. सराव करताना साध्या एआयवाल्यांचे गुण ४८ टक्क्यांनी चढले, सुचवणाऱ्या एआयवाल्यांचे तर १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेतला आणि परीक्षा घेतली. साध्या एआयवाले बिना-एआयवाल्यांपेक्षाही १७ टक्के खाली गेले. सुचवणाऱ्या एआयवाल्यांचं मात्र नुकसान जवळपास झालंच नाही. आणि त्या पहिल्या गटातल्या पोरांना आपण कमी शिकलोय याचा पत्ताच नव्हता, मला ते जास्त घाबरवतं.

म्हणून मी वर्गात मोबाईल बंदी वगैरे करत नाही. सायकल शिकवणारा जसा मागून धरतो आणि हळूच सोडतो तसं त्याला वागवा, एवढं सांगते. पोरांना एक वाक्य पाठ करून दिलंय, "मला उत्तर सांगू नको, माझं कुठे चुकलं ते विचार." ते टाकलं की बऱ्यापैकी ऐकतं ते.

कॉमन_सेन्स | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ट्रॅक्टरला कोणता खांदा 😂😂 आजीला दंडवत. शब्द मागे घेतो, अर्धे.

चुलीपलीकडे | २३ नोव्हेंबर, रात्री ११:१०

सगळ्यांची कामं आटोपली, आता माझी वेळ.

मी रिसोडकडची, बचत गटाचं काम पाहते. तुमचं सगळं वाचलं आणि खरं सांगू का, थोडा रागच आला. डोकं टिकवा डोकं टिकवा म्हणता, आमच्या डोक्याला कोणी विचारलं होतं आजपर्यंत? घरकुलाचा हप्ता अडकला तर अर्ज लिहायला तहसीलीबाहेर बसणाऱ्याकडे जायचं, तो पैसे घेणार आणि काय लिहिलं ते वाचूनही दाखवणार नाही, खाली अंगठा नाहीतर सही. आता आमच्या गटातल्या बायका मोबाईलमध्ये बोलतात आणि अर्ज तयार होतो. ज्या बाईचा अर्ज आहे तिला तो वाचून दाखवता येतो, ती म्हणते हे काढा, हे टाका. आमच्यासाठी विचार करणं आत्ता कुठे सुरू झालंय.

पण एक अडचण आली ती सांगते कारण ती याच धाग्याची आहे. एका बाईचा अर्ज केला, गट नंबर तिनं सांगितलाच नव्हता, तरी अर्जात गट नंबर छापून आलेला! कुठून आणला देव जाणे. अक्षर इतकं सुबक, भाषा इतकी सरकारी, की कोणालाही खराच वाटावा. तेव्हापासून आम्ही असं करतो की आधी ती बाई सगळ्यांसमोर आपली हकीकत तोंडी सांगते. बाकीच्या विचारतात, मग काय झालं? साहेब काय बोलले? पावती आहे का? कोणत्या महिन्यात? कधीकधी भांडणं होतात, रडणंही होतं, अर्धा तास जातो. पण त्यातून कागद कोणता लागेल ते तिला स्वतःलाच कळतं. आणि मग मोबाईलनं काही पदरचं घातलं तर पाच जणींना एकदम दिसतं.

सासूबाई त्याच्याशी वऱ्हाडीत बोलतात. तो पुण्याच्या मराठीत उत्तर देतो. सासूबाई म्हणतात, "जावई हाये का कोनाचा?"

पऱ्हाटी_पुराण | २३ नोव्हेंबर, रात्री ११:२५

ताई, मी कालपासून जे म्हनून रायलो ते तुम्ही नीट सांगतलं. नमस्कार.

सरकारी_दवाखाना | २४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

ओपीडी संपली, दोन ओळी.

वर पऱ्हाटी_पुराण यांनी २०१७ चं काढलं म्हणून लिहितो. फवारणीची विषबाधा ओळखायची म्हणजे डोळ्याच्या बाहुल्या बारीक झाल्यात का, तोंडाला लाळ, अंगाला घाम, छातीत घरघर, हे पाहायचं, आणि कपड्यांचा वास घ्यायचा. पुस्तकात असंच आहे आणि एआयही हेच सांगतो. पण त्या वर्षी पेशंट एकाच औषधाचे नव्हते, मिश्रणं होती, लक्षणं पुस्तकात बसत नव्हती, आणि नातेवाइकांना बाटली कोणती ते सांगता येत नसे. अशा वेळी पेशंटजवळ बसून तासातासाला पाहत राहण्याला पर्याय नसतो.

डॉक्टरांचं डोकंही याला अपवाद नाही हे कळावं म्हणून एक. पोलंडमधला अभ्यास आहे, २०२५ मध्ये लॅन्सेटच्या पोटविकारांच्या नियतकालिकात आला. आतड्याच्या दुर्बिणीत पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या गाठी शोधायला एआय दिला. काही महिने ती सवय लागल्यावर, ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या त्यांच्यात गाठ सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. हे डॉक्टर नवशिके नव्हते, हजारो तपासण्या केलेले होते. अर्थात एवढ्या एका अभ्यासावरून लगेच निकाल देऊ नये, आधीचे आणि नंतरचे पेशंट वेगळे होते. पण मी माझ्यापुरतं ठरवलंय, एक्सरे आला की आधी मी बघणार, कागदावर माझं निदान लिहिणार, मग मशीन काय म्हणतं ते.

तलाठी_आप्पा | २४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

डॉक्टरसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला लिहावंसं वाटलं. मी महसुलात उभा जन्म काढला, आता निवृत्त, मुक्काम मूर्तिजापूर तालुका.

नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गावाची पैसेवारी काढतात, ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती. ती एकदम नाही निघत. आधी नजरअंदाज पैसेवारी, सप्टेंबरअखेर. मग सुधारित. मग अंतिम, आपल्या विदर्भात डिसेंबरअखेर. नजरअंदाज म्हणजे नावातच आलं, समितीनं शिवारात फिरायचं, पीक उभं असताना पाहायचं आणि सांगायचं. पुढे पीक कापणी प्रयोग, दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं.

आता यात बारकावा काय आहे तो बघा. नजरेचा अंदाज आधी कागदावर उतरतो, त्यावर सह्या होतात. मग तराजू येतो. मी नोकरीला लागलो तेव्हा माझा अंदाज इतका चुके की मंडळ अधिकारी हसायचे. पण दरवर्षी आपण काय म्हटलं होतं आणि काय भरलं हे समोरासमोर आलं की डोळा आपोआप शिकतो. कपाशीला बोंडं किती धरली, वरची किती फुटतील, खालची किती सडली, हे मला कोणी शिकवलं नाही, त्या दोन आकड्यांतल्या फरकानं शिकवलं. हाच तराजू आधी आणला असता आणि मग मला विचारलं असतं, काय हो आप्पा किती वाटतं, तर मी मान डोलावली असती, बरोबर आहे म्हणून. डोळा जिथल्या तिथे.

(अंदाज कधी कधी वरून फोन आल्यावर बदलायचा, तो भाग वेगळा. त्यावर धागा काढला तर मी नाही लिहिणार.)

म्हणून मला वाटतं भांडण एआय वापरावा की नाही हे नाहीच. त्याला आधी विचारलं की नंतर, एवढाच प्रश्न आहे. आपलं म्हणणं आधी सांगून बसलं पाहिजे, चारचौघांत, चुकलं तर लाज वाटेल असं.

आणि प्रश्न विचारण्याचं म्हणाल तर आपल्याकडे गाडगेबाबा होऊन गेले. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण कीर्तन म्हणजे सगळा प्रश्नांचाच मारा, अन उत्तर समोरच्यांनी द्यायचं. लोकांच्या तोंडूनच वदवून घ्यायचे. तयार उपदेश दिला असता तर लोक घरी जाऊन झोपले असते.

धुऱ्यावरचा | २४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

आप्पा, हे मला पाहिजे होतं. काउंटरवर जे व्हायचं ना, एक म्हणे तुडतुडा दुसरा म्हणे पाणी, ते म्हणजे चारचौघांत अंदाज लावून बसणंच होतं, मला आत्ता उमगलं. फोटोत उत्तर आधी येते म्हणून ती बोलाचालीच होत नाही.

रातराणी | २४ नोव्हेंबर, रात्री १२:२०

अमरावतीत अभ्यासिकेत बसते, एमपीएससी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे गोळे रंगवणं बंद, पानंच्या पानं हातानं लिहायची. त्यामुळे आमच्याकडे आता ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये एआयनं बनवलेली मॉडेल उत्तरं. वाचून वाचून डोळे दुखतात आणि पेपरला बसलं की पहिला परिच्छेद सुचत नाही.

एमआयटीचा एक प्रयोग वाचला होता, ५४ जणांवर, निबंध लिहायला लावले आणि डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजलं. चॅटजीपीटीनं लिहिणाऱ्यांच्या मेंदूत सगळ्यात कमी हालचाल, आणि लिहून झाल्याबरोबर विचारलं तर बहुतेकांना स्वतःच्या निबंधातलं एक वाक्य नीट सांगता येईना. लोक फारच छोट्या अभ्यासावर मोठ्या मोठ्या हेडलाइन करतात हे खरंय, पण अभ्यासिकेत मला हे रोज समोर दिसतं.

आप्पा म्हणतात ते मी अपघातानं करत होते. आधी हातानं उत्तर लिहायचं, फोटो काढून एआयला द्यायचा आणि म्हणायचं कडक परीक्षकासारखं तपास. मध्ये एक प्रश्न होता वऱ्हाड इंग्रजांकडे कसं गेलं. मी लिहिलं, १८५३ चा करार, निजामानं कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पुढे १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं. एआयनं मला लाल शेरा मारला, म्हणे वारस नसल्यामुळे भोसल्यांचं राज्य खालसा झालं त्यात वऱ्हाड गेलं. इतक्या ठामपणे की क्षणभर मी पेन उचललं खोडायला. मग लक्षात आलं गोंधळ कुठे झाला. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले तेही १८५३ मध्येच, त्यावरून नागपूर खालसा झालं १८५४ ला. एकच साल, दोन वेगळी राज्यं, मशीननं दोन्हीची भेळ केली. त्याला तसं लिहिलं तर लगेच, "तुमचं अगदी बरोबर आहे, क्षमस्व." आधी तेच उत्तर वाचलं असतं तर मी पेपरात तेच लिहून आले असते, आणि वर सुंदर निष्कर्षही.

अवांतर: स्मरणशक्तीचा विषय निघालाच आहे तर, मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि महानुभावांनी ती आठवणीतून परत उभी केली असं परंपरा सांगते, म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ सापडतात. आता तिथेच मराठी भाषा विद्यापीठ आहे. आमच्या अभ्यासिकेत वायफाय गेलं तर कोणाला काही आठवत नाही.

सेलूकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

रातराणी, भारी. त्या "अगदी बरोबर आहे, क्षमस्व" मध्ये अजून एक गोम आहे. तू चुकीचं सांगितलं असतंस आणि जोर लावला असतास तरी तो बऱ्याचदा तेच म्हणाला असता. त्याचा स्वभाव होकाराचा. म्हणजे अंदाज आधी सांगितला तरी त्याला सांगू नका, कागदावर ठेवा, नाहीतर तो तुमच्याच अंदाजाला सजवून परत देतो.

चुलीपलीकडे | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

म्हणूनच मोबाईलला नाही, बायांना आधी सांगायचं. बाया कुठे होकार देतात 😀

खडू_फळा | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

+१. आणि सेलूकर, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट, १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम ठरली, हातानं काम करता करता गणित-विज्ञान शिकायचं. टकळीवर सूत काढायचं आणि किती तार झाले, किती वजन भरलं याचा हिशोब त्याच पोरानं करायचा. आज टकळी नको, पण आमच्या शाळेच्या परसबागेत मी पोरांना आधी विचारते या वाफ्यातून मेथीच्या किती जुड्या निघतील. वेडेवाकडे आकडे येतात. काढणीच्या दिवशी मात्र एकही गैरहजर नसतो.

तलाठी_आप्पा | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मॅडमनी वाट दाखवली. मग आपणही करू. तुरी सध्या कुठे फुलात कुठे शेंगेत आहेत. ज्याच्या त्याच्या वावरातल्या तुरीची झडती (उतारा) किती येईल ते आत्ताच इथे लिहायचं, कारणासकट. खाली एआयचा अंदाजही टाका, पण आपला आकडा लिहून झाल्यावर. मळणी झाली की वजनकाट्याची पावती. नंतर पोस्ट एडिट करायची नाही, मी स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पऱ्हाटी_पुराण | २५ नोव्हेंबर, दुपारी १:२५

आप्पा, धुवारी (धुकं) पडली तं? फूल झडून जाईन एका रातीत. मंग कोनाचा अंदाज अन कोनाचं काय.

तलाठी_आप्पा | २५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

तेही धरा की अंदाजात. पडेल असं वाटतं तर कमी लिहा.

सरकारी_दवाखाना | २५ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मला वावर नाही. क्वार्टरच्या मागे ज्यांची तूर आहे तिच्यावर खेळू शकतो का?

धुऱ्यावरचा | २५ नोव्हेंबर, दुपारी २:२०

खेळा डॉक्टरसाहेब, धुऱ्यावरून पाहा फक्त, आत नका शिरू 😀

माझी: एकरी सात क्विंटल. भारी जमीन, शेंडे वेळेवर खुडले, फांद्या चांगल्या फुटल्या. पण अळी दिसून रायली, परवा झाडाखाली पोतं टाकून झाड हलवलं तं दोन-तीन पडल्या, म्हणून आठाचे सात केले. एआय: साडेसात.

चुलीपलीकडे | २५ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

आमची सोयाबीनमध्ये आंतरपीक आहे, म्हणून कमीच. अडीच. सासूबाई म्हणतात तीन. दोन्ही लिहून ठेवा, घरातलं भांडण इथे आणते. एआयला विचारलंच नाही, सासूबाई पुरे आहेत.

पऱ्हाटी_पुराण | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

चाला लिवतो. दर्यापूरकडचा मानूस, खारपानपट्टा. अर्ध्या वावरात चोपन (खारी, पानी न जिरनारी जमीन) हाये, तिथी तूर गुडघ्याच्या वर गेलीच नाई. धुऱ्याकडची मस्त हाये, शेंगा लटलट. दोन्ही धरून साडेचार. धुवारीचं धरूनच सांगून रायलो. मोबाईल आठ म्हंते.

सेलूकर | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४५

चोपण सांगितलं का त्याला?

पऱ्हाटी_पुराण | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ५:५०

नाई सांगतलं. त्यानं तरी कुठी इचारलं, भाऊ तुमची जमीन कशी हाये म्हून?

तलाठी_आप्पा | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:००

नोंद घेतली. पण पऱ्हाटी_पुराण, साडेचार एकरी की हेक्टरी ते लिहिलं नाही तुम्ही.

पऱ्हाटी_पुराण | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०४

एकरी, आप्पा. हेक्टर आमच्या इथी फक्त सातबाऱ्यावर असते.